दोरीचं दुसरं टोक

बालेवाडीच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदा गाइड म्हणून उभा राहिलो आणि तिसाव्या मीटरलाच संपलो. हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस मी. शंभर मीटरचं ते काय, असं वाटलं होतं. दोरीचं एक टोक माझ्या डाव्या हातात, दुसरं त्याच्या उजव्या. टाळी वाजली आणि डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला बावीस वर्षांचा तो मुलगा मला वेसण धरल्यासारखा ओढत निघाला. थांबल्यावर हसत म्हणाला, "दादा, गाइडनं ओढायचं नाही असा नियम आहे. गाइडला ओढू नये असं कुठं लिहिलंय?"

पुढच्या आठवड्यात त्याला कॉलेजातला एक स्प्रिंटर मिळाला. मी कठड्यावर बसून बघत राहिलो.

शंभर मीटरमध्ये गाइड म्हणजे डोळे, हा माझा समज तिथेच गेला. डोळ्यांचं काम फारसं नसतंच; रस्ता सरळ, लेन मोकळी. टी-११ गटात, म्हणजे पूर्ण दृष्टिहीनांमध्ये, प्रत्येक जोडीला दोन लेन मिळतात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत चौघंच. गाइडनं व्हायचं असतं ते आरशातलं प्रतिबिंब. बांधलेले दोन हात एकदम पुढे, एकदम मागे, त्यामुळे आतले दोन पायही एकदम पडतात. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा, फक्त दोरी पायाऐवजी हातात. आठवडाभर दोघं नुसते चालत होते, मग जॉगिंग, मग ब्लॉकमधून पहिली सहा पावलं, पुन्हा पुन्हा. बोलणं जवळजवळ शून्य. अकरा-बारा सेकंदांत काय बोलणार? शेवटी एकच शब्द, "झुक!"; आणि तेव्हा गाइडनं स्वतः मागे राहायचं, कारण रेषा धावपटूनं आधी ओलांडायची असते. अमेरिकेच्या डेव्हिड ब्राउननं २०१४ मध्ये १०.९२ सेकंदांत शंभर मीटर मारलं. त्याचा गाइड जेरोम एव्हरी एक हात अडकवून, दुसऱ्याच्या पावलात पाऊल टाकत तेवढंच पळाला, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

चारशेला वळणं येतात. दोघांमध्ये साठ सेंटिमीटर अंतर धरलं, तर बाहेरच्याला एका फेरीत चार मीटरच्या आसपास जास्त पळावं लागतं, तेही पाऊल न चुकवता. शेवटच्या शंभरात पाय शिशाचे होतात आणि जुळलेली लय आधी तिथेच तुटते. लंडनला २०१२ च्या पॅरालिंपिकमध्ये ब्राझीलच्या तेरेझिन्या गिल्येर्मिनाचा गाइड चारशेच्या अंतिम शर्यतीत पडला. तीही थांबली.

दीड हजारात खेळच बदलतो. इथे वेगाइतकंच डोकं लागतं. रिओला २०१६ मध्ये ऑलिंपिकची शर्यत सगळ्यांनी एकमेकांकडे बघत रांगत काढली आणि मॅथ्यू सेंट्रोविट्झ ३:५०.०० मध्ये जिंकला. पॅरालिंपिकच्या टी-१३ गटात, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यांमध्ये, त्याच अंतराला पहिले चौघं याहून जलद आले. बातम्या झाल्या, 'अपंगांनी ऑलिंपिकवीरांना हरवलं.' मला ती मथळेबाजी पटत नाही. एक शर्यत डावपेचांची होती, दुसरी पहिल्यापासून पळण्याची, एवढंच. पण ज्याला काहीच दिसत नाही, त्यानं डावपेच कसे खेळायचे? गाइडच्या तोंडून. आमचा तो धावपटू दीड हजार पळायला लागला तेव्हा स्प्रिंटर तिसऱ्या फेरीत धापा टाकू लागला आणि दोरी माझ्याकडे आली. "समोर दोघं. उजवीकडून जाऊ. आत्ता!" वाक्यं एक-दोन शब्दांची, कारण श्वास दोघांनाही हवा असतो.

अंतर वाढतं तशी दोरी सैल होते आणि जीभ चालू लागते. रविवारी आम्ही विद्यापीठाच्या आवारात पंधरा-सोळा किलोमीटर पळतो. तिथे पावलं तंतोतंत जुळली नाहीत तरी चालतं, मीच डोळे, घड्याळ आणि पाणक्या. "गतिरोधक, तीन, दोन, एक." "डावीकडे फांदी, वाक." "कुत्रं आहे, झोपलंय." कुत्रं झोपलंय हे सांगावं लागतं, नाहीतर त्याचं पाऊल आखडतं. मधल्या वेळात एमपीएससी, त्याची मेस, माझं ऑफिस. एवढं बोलता येतं याचा अर्थ वेग बरोबर आहे. गप्पा बंद पडल्या की मी वेग कमी करतो.

पाच हजार मीटरपासून पुढे दोन गाइड घेता येतात, कारण लांब पल्ल्याला गाइडही कोसळू शकतो. पॅरिसला २०२४ मध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषेपासून दोन-तीन मीटरवर गाइडच्या पायात गोळा आला, त्याला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली आणि ती अपात्र ठरली. कांस्य त्या दिवशी जपानच्या मिसातो मिचिशिताला गेलं. नियम नियम आहे, मान्य. पण पडत्या माणसाला धरणं हे दोरी सोडून पळण्यात कसं मोजलं, हे मला अजून कळलेलं नाही.

ही हकीकत मी त्याला पळता पळता सांगितली. दोन वळणं तो गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुमच्या पोटरीत गोळा आला तर मी काय करायचं?"

"तू पुढे जायचंस."

"कुठं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. हल्ली रविवारी फाटकापाशी तो दोरी हातात घेण्याआधी मला विचारतो, मीठ-साखरेचं पाणी प्यायलात का.