नुसता पाय धरून भागत नाही! फ्रीस्टाइल कुस्तीतला ‘टेकडाऊन’ कसा शिकतात?

ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिम्पिक. महिलांच्या ५८ किलो गटात कांस्यपदकाची लढत सुरू होती आणि साक्षी मलिक किर्गिझस्तानच्या आयसुलू तिनिबेकोवाविरुद्ध ०-५ अशी मागे पडली होती. दुसऱ्या फेरीत तिने पायांवर हल्ले चढवत बरोबरी साधली आणि अखेरच्या काही सेकंदांत आणखी दोन गुण खेचले. लढत ८-५ अशी संपली आणि महिला कुस्तीत भारताला पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं. हे दोन गुण ज्या कौशल्यावर मिळतात, त्याचं नाव टेकडाऊन.

टेकडाऊन म्हणजे नेमकं काय?

उभ्या प्रतिस्पर्ध्याला मॅटवर खाली आणायचं आणि त्याच्या मागे जाऊन ताबा घ्यायचा. हे जमलं की २ गुण. त्याचे दोन गुडघे व एक हात किंवा दोन हात व एक गुडघा, असे तीन भाग मॅटला टेकलेले असावे लागतात. नुसता एक गुडघा टेकवून गुण मिळत नाहीत. प्रतिस्पर्धी उभ्यावरून थेट पाठीवर, धोक्याच्या स्थितीत गेला तर ४ गुण. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड चालत नाही. त्यामुळे पायांवरचा हल्ला ही फ्रीस्टाइलची खासियत.

मातीतल्या पैलवानाला अडचण कुठे येते?

एकेरी पट आणि दुहेरी पट आपल्या तालमींना नवे नाहीत. पण जत्रेच्या मैदानात कुस्ती चितपटीवर निकाली होते. तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली घेणं ही फक्त सुरुवात असते. मॅटवर मात्र त्याचेच गुण लागतात. वेळही मोजकाच, ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. लांबलेली खडाखडी इथे परवडत नाही. तरीही मातीतून मॅटवर जाता येतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत फ्रीस्टाइलमध्येच कांस्यपदक जिंकलं होतं.

पट काढण्याच्या चार पायऱ्या

१. पवित्रा : गुडघे वाकलेले, पाठ सरळ, मान वर, कोपर बरगड्यांजवळ. वजन चवड्यांवर.

२. तयारी : मनगट पकडणं, मानेवर हात टाकून खाली ओढणं. प्रतिस्पर्ध्याने प्रतिकार म्हणून अंग वर उचललं की त्याचे पाय मोकळे सापडतात.

३. शिरकाव : कमरेतून न वाकता गुडघ्यातून खाली जायचं आणि पुढचं पाऊल थेट प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांच्या मध्ये टाकायचं.

४. शेवट : एकेरी पटात साधारणपणे डोकं आतल्या बाजूला, त्याच्या छातीला चिकटवून ठेवतात आणि पाय उचलून दिशा बदलतात. दुहेरी पटात डोकं बाहेर, खांदा पोटाला आणि हात गुडघ्यांमागे. मग बाजूला वळून ढकलायचं.

नवशिके कुठे चुकतात?

सर्वात मोठी चूक म्हणजे दुसरी पायरी गाळणं. तयारी न करता लांबूनच पायाकडे झेप घेतली, की समोरचा दोन्ही पाय मागे फेकून कमरेचं सगळं वजन अंगावर टाकतो. यालाच ‘स्प्रॉल’ म्हणतात. हल्ला करणारा खाली अडकतो, प्रतिस्पर्धी वळसा घालून मागे जातो आणि २ गुण त्यालाच मिळतात. दुसरी चूक मान खाली घालण्याची. त्यामुळे गुण जातातच, शिवाय मानेला दुखापत होण्याची भीती असते. गुडघ्यांवर बसून राहणं ही तिसरी. खाली शिरल्यावर लगेच पायावर उठावं लागतं.

सराव कोणत्या क्रमाने?

आधी जोडीदाराशिवाय फक्त पवित्रा आणि शिरकाव. मग स्थिर उभ्या जोडीदारावर, त्यानंतर हलक्या प्रतिकारात आणि शेवटी पूर्ण जोरात. यासोबत पहिल्या दिवसापासून स्प्रॉलही शिकायचा असतो. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो रोखायचा. म्हणजे दोघांचाही सराव होतो.

मोबाइलवर रील पाहून डाव समजतो, पण डोकं दोन इंच चुकीच्या जागी गेलेलं स्वतःला दिसत नाही. ते मॅटशेजारी उभ्या वस्तादाला दिसतं. म्हणून पहिला पट त्यांच्या नजरेखालीच काढावा.