बांधताना कृपण, उघडताना उदार

महानुभाव पंथाच्या ज्या पोथ्या वऱ्हाडातील मठांतून शतकानुशतके वस्त्रांत गुंडाळून जपल्या गेल्या, त्यांपैकी पुष्कळ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्यामुळे, कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षर वळणदार असूनही पंथाबाहेरच्या माणसास त्यांतील एक ओळही लागत नसे. आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांनी ह्या लिप्यांची उकल प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ते वाङ्मय सामान्य मराठी वाचकाच्या दृष्टिपथात येऊ लागले. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनी 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून आणि शारदाश्रम ही संस्था उभारून जे कार्य केले, ते लिपीची किल्ली एकाच परंपरेच्या मुठीत राहिली असती तर होणे कठीण होते. पंथाने ती लिपी योजिली ह्यास सबळ कारणे होती, आणि गुप्तता हाच हेतू धरला तर ती लिपी पूर्णतः यशस्वी झाली असेच म्हटले पाहिजे. परंतु वस्तू टिकणे आणि ती वाचता येणे ह्या दोन बाबी भिन्न आहेत, ही गोष्ट ज्या यवतमाळ जिल्ह्याने आपल्याच मातीत पाहिली, तेथे संगणकावरील दप्तरे कोणत्या प्रकारात बांधून ठेवावीत हा प्रश्न विचारणे अस्थानी ठरू नये.

आज पुसदच्या वकिलाची मिसल असो, वणीच्या व्यापाऱ्याचे हिशेब असोत, की दिग्रसच्या एखाद्या कुटुंबाने सातबारा, फेरफार आणि वारसाच्या दाखल्यांच्या काढून ठेविलेल्या प्रती असोत, ह्या सर्वांचा प्रवास एखाद्या गाठोड्यातूनच होतो. आणि त्या गाठोड्याच्या नावापुढे टिंब देऊन झिप, रार, सेव्हन-झेड, टार अशी जी चार-दोन अक्षरे येतात, त्यांवरून ते कोणत्या पद्धतीने बांधले आहे हे कळते. बांधण्या-उघडण्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरने ह्यांपैकी कोणकोणत्या पद्धती जाणाव्यात, हा वाद तज्ज्ञांचा समजला जातो. वस्तुतः त्याची झळ बसते ती तज्ज्ञांस नव्हे, तर ज्याची फाइल ऐनवेळी उघडत नाही अशा इसमास.

येथे दोन क्रिया एकत्र नांदतात आणि त्यांची गल्लत होते. अनेक फाइली एका वेष्टनात घालणे ही पहिली, आणि त्यांचा आकार घटविणे ही दुसरी. 1979 च्या सुमारास युनिक्स प्रणालीबरोबर आलेला टार केवळ पहिली क्रिया करतो. आकुंचनासाठी त्याच्यावर जीझिपसारखे दुसरे साधन चढवावे लागते. झिपमध्ये मात्र दोन्ही क्रिया एकाच हाताने होतात. आकुंचनाचे मूळ तत्त्व 1977 साली याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी मांडले: मजकुरात जो भाग पूर्वी येऊन गेला, तो पुन्हा न लिहिता ‘इतके मागे जाऊन इतकी अक्षरे घ्या’ एवढीच नोंद करावी. वारंवार येणाऱ्या चिन्हांस आखूड संकेत देण्याची डेव्हिड हफमन यांची 1952 ची युक्ती त्याच्या जोडीस आली, आणि ह्या दोहोंच्या संयोगावर आजची बहुतेक झिप गाठोडी उभी आहेत. मराठी मजकुरास ह्याचा लाभ विशेष होतो. युनिकोडच्या यूटीएफ-8 ह्या प्रचलित रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, पण त्यांतील पहिला बाइट सदैव एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो. सबब ज्या पुनरुक्तीमुळे आपला मजकूर रोमन लिपीहून जड होतो, तीच पुनरुक्ती आकुंचनाच्या वेळी बहुतांशी निघून जाते. उलटपक्षी, छायाचित्रांच्या जेपेग प्रती आधीच आकुंचित असल्याने त्यांची झिप केली तरी आकार जवळजवळ तसाच राहतो. हे ठाऊक नसलेला मनुष्य झिपमधून पुन्हा झिप करीत बसतो, आणि हाती काही लागत नाही म्हणून यंत्रास दोष देतो.

झिपचा जन्म मात्र कज्जातून झाला. अमेरिकेत ‘आर्क’ ह्या पद्धतीचे मालक असलेल्या सिस्टिम एनहान्समेंट असोसिएट्स ह्या कंपनीने 1988 साली फिल कॅट्झ यांजवर दावा लावला, आणि तडजोडीनंतर कॅट्झ यांनी आर्क सोडून 1989 साली आपली स्वतंत्र पद्धत आणली. तिची रचना त्यांनी सर्वांसाठी जाहीर केली, हा त्यांचा निर्णय मला त्यांच्या प्रोग्रामिंगहून थोर वाटतो. रचना जाहीर असल्यामुळेच आज वर्ड प्रोसेसरची डॉक्स फाइल, ई-पुस्तकाची ई-पब, अँड्रॉइड फोनवर बसणारे एपीके हे सर्व अंतरंगी झिपच असतात, आणि 2015 साली तिच्या एका मर्यादित रूपास आयएसओच्या मानकाचा दर्जाही लाभला. तरीही मराठी माणसाने झिपकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, असे एक कारण आहे. जुन्या झिपच्या नियमानुसार फाइलींची नावे आयबीएमच्या जुन्या संगणकांच्या वर्णसंचात लिहिली जात, आणि त्या संचात देवनागरीस स्थानच नव्हते. 2006 साली यूटीएफ-8 नावांसाठी एक खूण नियमांत दाखल झाली, पण सॉफ्टवेअरने ती पाळावयास वेळ घेतला: विंडोज 7 च्या अंगभूत झिप सोयीस ‘फेरफार’ असे मराठी नाव असलेली फाइल दिली, तर ती नावात न चालणारी अक्षरे आहेत असे सांगून बांधण्यास साफ नकार देई, आणि इतर जुनी साधने बांधीत खरी, पण उघडणाऱ्यास नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसे. गावोगावच्या सेवा केंद्रांतून मराठी कागदपत्रांस आजही रोमन अक्षरांत नावे देण्याची जी सवय आढळते, तिच्या मुळाशी अशा अनुभवांचा वाटा असावा. म्हणून कोणते साधन झिप ‘जाणते’ एवढे विचारून भागत नाही. मराठी नावासकट जाणते काय, हे विचारले पाहिजे.

रारची कथा निराळी. युजीन रोशाल यांनी 1993 साली आणलेली ही पद्धत गुणवान आहे. फाइल अंशतः बिघडल्यास ती सावरण्यासाठी जादा माहिती गाठोड्यातच ठेवण्याची तिची सोय खरोखरच स्पृहणीय. परंतु रार उघडण्याचा कोड मोफत मिळत असला, तरी त्यावरून रार बांधणारे साधन तयार करण्यास परवानगी नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर ह्या शकुंतला रेल्वेवर स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ किलिक-निक्सन ह्या खाजगी कंपनीची मालकी राहिली, गाडी सरकारने चालवायची आणि मोबदला कंपनीस द्यायचा असा प्रकार होता, शिवाय रूळ अडीच फुटी असल्याने कापसाच्या गाठी मूर्तिजापुरास उतरवून रुंद मार्गाच्या डब्यांत भराव्या लागत. खाजगी मालकीच्या पद्धतीत आपली कागदपत्रे बांधणाऱ्याची गत त्या गाठींसारखी होते. मायक्रोसॉफ्टने 2023 पासून विंडोज 11 मध्ये रार, सेव्हन-झेड, टार उघडण्याची सोय केली ती लिबआर्काइव्ह ह्या खुल्या कोड-संग्रहाच्या आधारे, आणि पुढे सेव्हन-झेड व टार बांधण्याचीही केली. रार बांधण्याची केली नाही. इगोर पावलोव यांच्या सेव्हन-झेडची रचना मात्र खुली असून तिचे आकुंचनही प्रभावी आहे. एवढेच की अनेक फाइली ती सलग एकजीव करून दाबते, त्यामुळे मधला एक भाग बिघडला तर त्यापुढच्या फाइलीही गमावण्याची शक्यता असते.

म्हणून माझे मत असे की साधनाने बांधताना कृपण असावे आणि उघडताना उदार. बांधण्यासाठी झिप, सेव्हन-झेड आणि टार, व टारसोबत जीझिप, एक्सझेड किंवा फेसबुकमधून 2016 साली खुले झालेले झेडस्टँडर्ड, एवढी यादी पुरे. उघडण्यासाठी मात्र रार तर हवाच, पण एआरजे, एलझेडएच, कॅब ही मागच्या पिढीची बिऱ्हाडेही हवीत, कारण कोणाच्या घरच्या कपाटात कोणती सीडी निघेल ह्याचा नेम नाही. ह्या औदार्यासही एक सीमा आहे. ‘एस’ नावाच्या पद्धतीची गाठोडी विनरार एका परक्या घटकाच्या मदतीने उघडीत असे. त्या घटकाचा मूळ कोड विनरारच्या कर्त्यांजवळ नव्हता, आणि 2019 साली चेक पॉइंट ह्या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले की मुद्दाम रचलेली फाइल त्या घटकातील दोषाचा फायदा घेऊन संगणकावर भलत्याच जागी प्रोग्राम ठेवू शकते. दुरुस्ती करावयास कोडच हाती नसल्याने कर्त्यांनी त्या पद्धतीचा आधारच काढून टाकला, आणि ते योग्य केले. जी जुनी पद्धत उघडायची, तिच्या उघडण्याचा कोड आपल्या हाती असलाच पाहिजे.

राहता राहिला संकेतशब्द. बँकेची कागदपत्रे कुलूपबंद झिपमध्ये पाठविण्याची रीत आढळते, पण झिपचे मूळ कुलूप एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी 1994 सालीच कमजोर ठरविले. आतील एखाद्या फाइलीचा थोडा मजकूर आधीपासून ठाऊक असेल तर ते फोडता येते. एईएस हे नवे कुलूप बळकट आहे, तथापि विंडोजच्या अंगभूत सोयीने ते दीर्घकाळ उघडत नसे, म्हणून अनेक साधने समोरच्याची अडचण नको ह्या सबबीखाली न विचारता जुनेच कुलूप लावीत राहिली. बांधते वेळी दोन्ही कुलपांची नावे आणि त्यांतला फरक साध्या मराठीत पडद्यावर दाखवून निवड वापरणाऱ्याकडे सोपविणे, एवढे काम कोणत्याही साधनास अवघड नाही.