किल्ल्याचा फोटो कसा काढावा?

आता बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा मोबाइल आला आहे. सुट्टी लागली, की मंडळी एका दिवसाची सहल काढतात. सकाळी एस.टी.त बसायचे, किल्ला पाहायचा, समुद्र पाहायचा आणि रात्री घरी परतायचे. दिवसभरात शंभर फोटो निघतात. घरी येऊन पाहावे, तर आजीचा चेहरा काळोखात, समुद्र एका बाजूला कललेला, आणि किल्ला कोठे दिसतच नाही!

असे का होते? मोबाइल स्वस्तातला म्हणून? छे! चांगल्या फोटोला तीन गोष्टी लागतात. उजेड पाहावा लागतो. वेळ साधावी लागते. आणि फोटो काढल्यावर चार शब्द लिहावे लागतात. या तीन गोष्टी आपण एका किल्ल्यावर शिकू.

कुलाबा किल्ला

रायगड जिल्ह्यात अलिबाग गाव आहे. गावाच्या पश्चिमेला समुद्र आहे, आणि समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० साली हा किल्ला बांधायला घेतला. त्याच साली महाराज निवर्तले. पुढचे काम संभाजी महाराजांच्या काळात झाले. नंतर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. कान्होजी १७२९ साली वारले. किल्ल्यातले गणपतीचे देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले.

किल्ल्याचा तट नीट पाहा. मोठमोठे दगड एकावर एक रचले आहेत. सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आपटली, की पाणी फटींत शिरते आणि लाटेचा जोर मोडतो. असा तट आपल्या फोटोत दिसला पाहिजे, नाही का?

उजेड पाहा

सकाळी सूर्य पूर्वेला असतो. तुम्ही किनाऱ्यावर किल्ल्याकडे तोंड करून उभे राहिलात, तर सूर्य तुमच्या पाठीमागे येतो. उजेड सरळ किल्ल्यावर पडतो. दरवाजा, बुरूज, तट, सारे स्वच्छ दिसते. संध्याकाळी उलटे होते. सूर्य किल्ल्यामागे जातो. किल्ला काळा दिसतो आणि आभाळ तांबडे दिसते. तोही फोटो सुंदर येतो, पण त्यात दगड दिसत नाहीत. तेव्हा किल्ला दाखवायचा असेल तर सकाळ, आणि आभाळ दाखवायचे असेल तर संध्याकाळ.

भर दुपारी ऊन डोक्यावर असते. डोळ्यांखाली काळी सावली पडते. अशा वेळी माणसांना तटाच्या सावलीत उभे करा. पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे चेहरा उजळतो. समुद्राची हवा खारी असते. तिने कॅमेऱ्याची काच धुरकट होते. फोटोआधी ती मऊ सुती कापडाने पुसा. समुद्राची रेघ आडवी, सरळ धरा.

एका ठिकाणचे तीन फोटो पुरेत. पहिला लांबून, सारा किल्ला दिसेल असा. दुसरा दरवाजाचा. तिसरा जवळून, एखाद्या दगडाचा किंवा नक्षीचा. तटाशी एक माणूस उभा करा, म्हणजे दगड केवढा आहे ते कळते.

वेळ साधा

ही गोष्ट जिवाची आहे, म्हणून सावकाश वाचा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. भरती आली, की चहूकडे पाणी होते. फोटोच्या नादात वेळ गेली, तर वाट बंद होते. पाण्यात उतरलेला माणूस बुडूही शकतो.

या किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी घ्या. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दिवसा तीन वाजता आणि रात्री तीन वाजता भरती. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. पाहा, उजेडही चांगला आणि वाटही मोकळी!

अष्टमीला सहाची पूर्ण भरती आणि बाराची ओहोटी. पण अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे पाणी फार मागे हटत नाही. पुनव-अवसेला उधाण असते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार ओसरते.

हा हिशोब अंदाजाचा आहे. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून किनाऱ्यावरच्या कोळीदादांना विचारल्याशिवाय पाय टाकू नका. पाणी ओसरत असताना जा, आणि ओहोटी पुरी होताच परत फिरा. पावसाळ्यात जाऊच नका. शेवाळलेल्या दगडावर चढून, समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. लाट सांगून येत नाही.

चार शब्द लिहा

काही जण तटावर खिळ्याने नाव कोरतात. अहो, हा किल्ला सरकारच्या संरक्षणात आहे. १९५८ च्या कायद्याने अशी वास्तू विद्रूप करणे हा गुन्हा आहे. २०१० साली शिक्षा वाढवली. आता दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

नाव लिहायचे ते फोटोमागे लिहा. चांगले चार-पाच फोटो कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. तारीख कोणती, ठिकाण कोणते, डावीकडून कोण कोण उभे आहे.

याचा उपयोग काय? पुष्कळ घरांत जुन्या ट्रंकेत फोटो असतात. त्यातली म्हातारी कोण, हे आता कोणालाच सांगता येत नाही. नाव लिहिले असते, तर पणजी नातवंडांना ओळखता आली असती.

दगडांचेही तसेच आहे. २०२० च्या पावसाळ्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग ढासळला. तट पडला, की आधी तो कसा होता हे जुन्या फोटोवरून कळते. पण फोटो केव्हाचा आणि कोणत्या बाजूचा, हे लिहिलेले असले तरच.

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. घरात एखादा जुना फोटो असेल तर आजच काढा. वडीलधाऱ्यांना नावे विचारा, आणि त्यांच्यासमोर बसून मागे लिहा.