मृगाच्या आधी वायपरचं रबर बदला

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातली बरीच मुलं आता नागपूर, पुणे, हैदराबाद, बंगळूरला नोकरीला आहेत. मी त्यांतलाच एक. गाडी मात्र अनेक घरी गावाकडेच असते आणि ती बाबा चालवतात. डॉक्टरकडे नागपूरला, लग्नाला सावनेर-काटोलला, शनिवारी जामसावळीच्या हनुमानाला. इन्शुरन्स आपण इथून ऑनलाइन भरतो, सर्व्हिसिंगची आठवण फोनवर करून देतो. वायपरच्या रबराचं मात्र कोणी विचारत नाही. बाबांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दिसते नं बाबू, काय फरक पडते!"

दिवसा, रिमझिम पावसात खरंच फार फरक पडत नाही. फरक पडतो तो रात्री. नागपूरहून पांढुर्ण्याकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४७ वर समोरून ट्रकची रांग असते. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. झिजलेलं रबर काच पुसत नाही, पाणी नुसतं पसरवतं. त्या पातळ थरावर समोरचा हेडलाइट पडला की सगळी काच पांढरी होते. साठी ओलांडलेल्या, मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांना असा प्रकाश आणखीच पसरलेला दिसतो. त्या दोन-तीन सेकंदांत रस्त्यावरची बैलगाडी किंवा बिनलाइटची मोटरसायकल दिसत नाही. म्हणून हा लेख.

रबर खराब होतं उन्हाळ्यात

आपल्याला वाटतं, वायपर पावसात झिजतो. आपल्या भागात तो आधी उन्हात जातो. मे महिन्यात नागपूर पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते आणि रबर त्या काचेला चिकटून असतं. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा जातात. वर शेतातली, रस्त्याची धूळ. आठ महिने न वापरलेला वायपर म्हणून नव्यासारखा राहत नाही.

रबराची खालची कडा म्हणजे एक पातळ ओठ असतो. वायपर डावीकडे जाताना तो उजवीकडे झुकतो, परत येताना उलटा वळतो. पाणी ओढून नेतो तो हा ओठ. तो कडक झाला की वळत नाही, मग वायपर थडथडत उड्या मारत चालतो. ओठ फाटला की काचेवर बारीक रेघा राहतात. काचेचा एखादा पट्टा पुसलाच जात नसेल, तर पाती वाकली आहे किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे. आणि नवीन रबर लावूनही काच धुरकट राहिली, तर दोष काचेवरच्या तेलकट थराचा असतो.

थोडा इतिहास

१९०३ साली अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी वायपरचं पेटंट घेतलं. बर्फ पडत असताना ट्रामचालकाला समोरचं दिसत नाही, हे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पाहिलं होतं. त्यांच्या वायपरलाही रबराची पट्टी होती, आतून हातानं फिरवायची. थांबून थांबून चालणारा वायपर रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात केला, पापणी लवते तसा. सव्वाशे वर्षांत मोटर आली, सेन्सर आला, पण काचेला टेकतं ते अजून रबरच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०१ क्रमांकाच्या नियमानुसार चांगला चालणारा वायपर गाडीला बंधनकारक आहे.

बदलायचं कसं

आधी आपला वायपर कोणता ते पाहा. लोखंडी सांगाडा आणि त्याला नखांसारखे पकडणारे हुक असतील, तर फक्त रबर बदलता येतं. चपटा, बिनसांगाड्याचा असेल तर बहुतेक वेळा पूर्ण पाती बदलावी लागते. ऑटो पार्ट्सच्या दुकानात हल्ली आधी पूर्ण पातीच पुढे करतात. सांगाडा घट्ट आणि गंज नसलेला असेल तर "नुसतं रबर द्या" म्हणून मागा, खर्च बराच कमी येतो. दोन्ही बाजूंची लांबी बहुतेक गाड्यांत वेगळी असते, म्हणून जुनी पाती सोबत न्या किंवा इंचात मोजून जा.

१. दांडा उभा करा आणि काचेवर जाड टॉवेलाची घडी ठेवा. हे टाळू नका. पाती नसलेला दांडा सुटून काचेवर आपटला तर काच तडकते.

२. हुकाजवळचं बटण दाबून पाती खाली सरकवून काढा.

३. रबराच्या एका टोकाला खाच असते, तिथे शेवटचं नख अडकलेलं असतं. त्या टोकाकडून रबर ओढून काढा. गरज पडली तर पक्कड वापरा.

४. रबराच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांचा बाक कोणत्या बाजूला आहे ते आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवीन रबरासोबत पट्ट्या नसतील तर याच वापरायच्या, त्याच दिशेनं.

५. नवीन रबर एकेका नखातून सरकवा. एकही नख सुटता कामा नये, आणि शेवटचं नख खाचेत बसलंच पाहिजे. रबर लांब असेल तर खाच नसलेल्या टोकाकडून कटरनं कापा.

६. पाती दांड्याला 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, दांडा हातानं हळू खाली टेकवा, पाणी मारून चालवून पाहा.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात.

नंतरची काळजी

कोरड्या, धुळीच्या काचेवर वायपर कधी चालवू नका. धुळीतले कण काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. आधी पाणी, मग वायपर. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं रबराचा ओठ पुसा. फडकं काळं होईल, ते चालतं. रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावू नका, त्यानं ते फुगतं. टाकीत कपड्याची पावडर घालू नका, नळ्या चोंदतात. साधं पाणी आणि गाडीच्या शाम्पूचे थोडे थेंब पुरेत. काचेवरचा तेलकटपणा शाम्पूनंच धुवा. गाडी सावलीत उभी करता आली तर उत्तम.

कधी करायचं

वर्षातून एकदा, आणि मृगाच्या आधी. मे महिन्यात लग्नांसाठी आपण घरी येतोच, तेव्हा करून टाका. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी गोटमारीला आपण गावी जातो तेव्हा पाऊस बहुधा असतोच, आणि त्या गर्दीत दुकान शोधायला वेळ नसतो.

एक विनंती. हे काम मिस्त्रीकडे टाकण्याआधी घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या. पुढच्या वर्षी आपल्याला सुटी मिळाली नाही, तरी आजोबांच्या गाडीचं रबर वेळेवर बदललं जाईल.