इब्राहिमखान गारदी : तोफखान्यावरची दोन वर्षे

आमच्या अड्याळकडे तोफ म्हटली की भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची आयुध निर्माणी आठवते, आणि पानिपत म्हटले की सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. इब्राहिमखानाचे नाव त्यांच्या मागून, तेही घाईत घेतले जाते. मराठ्यांच्या चाकरीत तो जेमतेम दोन वर्षे होता, पण त्या दोन वर्षांचा मागोवा घ्यायलाच हवा.

तो मूळचा निजामाकडचा. फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायती शिस्तीत तयार झालेला. 1758 मध्ये बुसी हैदराबादेतून गेला आणि पुढे खान सदाशिवरावभाऊंकडे आला. त्याचाच नातलग मुजफ्फरखान गारदी याने 1759 मध्ये भाऊंवर खुनी हल्ला केला होता. तरीही भाऊंनी इब्राहिमखानावर तोफखाना सोपवला. हा विश्वास मला फार मोठा वाटतो. फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला त्याचे फळ दिसले : निजामाला साठ लाखांचा मुलूख सोडावा लागला.

त्याच साली उत्तरेत, अब्दालीविरुद्धच्या मोहिमेत, दिल्लीचा किल्ला आणि कुंजपुरा मराठ्यांच्या हाती पडला. पण छावणीत दोन मते होती. मल्हारराव होळकरांना गनिमी काव्याची लढाई हवी होती. खानाची लढाई वेगळी : पायदळ आणि तोफा एकमेकांना धरून चालणार, आणि घोडदळाने ती रांग मोडायची नाही. शिवाय खानाच्या या कवायती पायदळाला, म्हणजे गारद्यांना, दरमहा रोख पगार लागे आणि त्यावरून भाऊंशी कुरबुर होई.

14 जानेवारी 1761, पानिपत. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज लिहितो की त्या सकाळी खान भाऊंकडे गेला. पगारासाठी हट्ट धरला म्हणून आपण नाराज होता; या महिन्याचा पगार तर मिळालेलाच नाही; तरी आजवरच्या पगाराचे ऋण आज फेडतो, अशा अर्थाचे तो बोलला.

त्याने ते फेडले. डाव्या बगलेवरून त्याच्या पलटणी संगिनी रोखून अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांवर चालून गेल्या आणि रोहिल्यांचे हजारो लोक पडले. एवढ्यात विंचूरकर आणि गायकवाडांचे स्वार रांग सोडून पुढे घुसले. खानाच्या तोफांसमोर आपलेच लोक आले, मारा थांबला. त्या स्वारांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांचे सारे आयुष्य घोड्यावर धावा करण्यात गेले, त्यांना ही शिस्त शिकवायला वेळच मिळाला नव्हता. गारदी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या बहुतेक पलटणी तिथेच संपल्या.

खान भाल्याच्या आणि गोळीच्या जखमांनी घायाळ होऊन पकडला गेला. शुजाने त्याला लपवले, पण अब्दालीच्या लोकांनी त्याला मागणी करून नेले. जखमांवर विष लावल्याने तो काही दिवसांत मेला, असे काशीराजानेच नोंदवले आहे.

त्याच रणातून जखमी महादजी शिंदे वाचले. 1784 मध्ये त्यांनी द बॉयन नावाच्या सेनानीला चाकरीत घेतले, खानासारख्याच कवायती पलटणी उभारल्या, आणि 1790 मध्ये पाटण व मेडता जिंकले.