झडप, नळी आणि जाळी : हृदयशस्त्रक्रियेच्या देशी उपकरणांचा मागोवा

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लागणारी उपकरणे भारतात कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनांच्या बळावर घडवली, याचा गेल्या साठ वर्षांचा मागोवा घेताना असे दिसते की, कल्पनांची वाण या देशात फारशी नव्हती. वाण होती ती कल्पना फसण्याची मुभा देणाऱ्या जागेची. शरीरात कायमचा राहणारा धातूचा तुकडा रुग्णाच्या छातीत जाण्यापूर्वी प्रयोगशाळेत कोट्यवधी वेळा उघडला-मिटला पाहिजे, तेथेच झिजला पाहिजे आणि मोडायचा असेल तर तेथेच मोडला पाहिजे. ज्या संस्थेकडे अशी जागा, तेथे काम करणारा अभियंता आणि अपयशाची वर्षे सोसणारा खजिना होता, तिच्याच हातून रुग्णापर्यंत टिकणारे उपकरण तयार झाले.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. नांदेड-लातूर महामार्गावरील लोहा आणि त्याच्या परिसरातील कोरडवाहू गावांसारख्या भागांत हृदयविकाराची दोन रूपे शेजारीशेजारी आढळतात. एक रूप उतारवयाकडे झुकलेल्या माणसाचे : हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या परिहृद धमन्यांत मेद साचून त्या अरुंद होतात. दुसरे रूप गरिबीशी आणि दाटीच्या वस्तीशी जोडलेले आहे. त्यात लहानपणी विशिष्ट जिवाणूंमुळे झालेला घशाचा संसर्ग उपचाराविना राहतो, मग ताप येतो, सांधे धरतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूंबरोबर हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. या संधिवाती ज्वराने आखडलेली किंवा गळकी झालेली झडप पुढे ऐन तारुण्यात धाप लावते, आणि कित्येकदा हा विकार तरुण स्त्रीच्या पहिल्या बाळंतपणातच प्रथम उघड होतो. पहिल्या रूपासाठी जगभर उपकरणे घडत होती. दुसऱ्यासाठी उपकरण घडवण्याची निकड श्रीमंत देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरत गेली, आणि ते काम गरीब देशांकडे आपसूक आले.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय, छाती आणि रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपाला आणला, तेव्हा परिहृद धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेने देण्यासारखे फारसे काही नव्हते. छातीच्या आतील बाजूची एक धमनी सोडवून तिचे टोक सरळ हृदयाच्या स्नायूत पुरायचे, ही कॅनडातील आर्थर व्हाइनबर्ग यांची पद्धत माहीत होती, परंतु तिच्या परिणामाबद्दल मतभेद होते. सेन यांचे लक्ष सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाकडे गेले. या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला धमन्यांखेरीज दुसरीही वाट असते : हृदयाच्या पोकळीतले रक्त स्पंजासारख्या सच्छिद्र स्नायूत थेट मुरते. मानवी हृदयातही डाव्या जवनिकेच्या, म्हणजे रक्त सर्व शरीरात ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीला सुईने अनेक छिद्रे पाडली, तर पोकळीतील शुद्ध रक्त त्या वाटांनी उपाशी स्नायूपर्यंत पोहोचेल, असे त्यांनी मांडले. सेन, तेहमटन उडवाडिया, विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किनरे आणि जी. बी. परुळकर यांनी कुत्र्यांवर केलेले हे प्रयोग १९६५ मध्ये अमेरिकेतील छाती व हृदयशस्त्रक्रियेच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि १९६८ मध्ये त्यांचा पुढचा भाग आला. या लेखकांपैकी उडवाडिया पुढे दुर्बिणीतून होणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रियांचे भारतातील प्रवर्तक म्हणून ओळखले गेले.

या कल्पनेचे पुढे काय झाले, हे सावकाश पाहण्याजोगे आहे. १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा तुकडा वापरून अडथळ्याच्या पलीकडे रक्त नेणारी बायपास शस्त्रक्रिया रुळवली, तिचे फळ लगेच आणि डोळ्यांना दिसेल असे होते, त्यामुळे सुईची छिद्रे मागे पडली; शिवाय ती छिद्रे काही काळाने रक्ताच्या गुठळीने व तंतुमय ऊतीने बुजतात, असेही आढळले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील महमूद मिरहोसैनी यांनी सुईच्या जागी कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला, त्यातून स्वतंत्र यंत्र तयार झाले, आणि १९९८ मध्ये तेथील औषध प्रशासनाने बायपास शक्य नसलेल्या रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. परळची कल्पना परदेशी कंपन्यांनी पळवली, असा सूर यावर सहज लावता येतो, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. लेसरने पाडलेल्या वाटाही बहुतांशी बुजतातच. रुग्णाच्या छातीतले दुखणे कमी होते ते भोवती नव्या सूक्ष्म वाहिन्या फुटल्याने, की वेदना वाहणारे मज्जातंतू जळाल्याने, यावर एकमत झाले नाही. आणि मांडीतून नळी घालून केलेल्या अशाच लेसर उपचाराची नुसत्या बनावट उपचाराशी तुलना करून पाहिली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे मूळ तर्कच बहुधा अपुरा होता. खंत वाटावी ती दुसऱ्या गोष्टीची : तो तर्क शेवटपर्यंत तपासून एक तर उपकरणापर्यंत नेण्याची किंवा निर्णायकपणे मोडीत काढण्याची सोय महापालिकेच्या त्या गजबजलेल्या रुग्णालयात नव्हती, आणि ही तपासणी तीन दशकांनंतर दुसऱ्या खंडात झाली.

केईएमच्या त्याच गटाने रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रात केलेले काम उपकरणाचे नव्हते, तरी उपकरणे निवडण्यासाठी ते पायाभूत ठरले. पाश्चात्त्य ग्रंथांत महाधमनीचे, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे, आजार मुख्यतः वृद्धांचे मानले जात, आणि कृत्रिम नळ्याही त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून बनत. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात डेक्रॉनच्या कापडाची अशी नळी घरच्या शिलाई यंत्रावर शिवल्याचे प्रसिद्धच आहे. भारतात मात्र तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत, दाहामुळे महाधमनी जाड आणि अरुंद झालेली आढळत होती. सेन, किनरे, परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महाधमनीच्या मधल्या भागाच्या या विकारावर लेख लिहिला व पुढे १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला प्रबंधग्रंथ काढला. कापडी नळी कोठे जोडायची, दाह सुरू असताना ती टाके धरेल का, पंचविशीतल्या रुग्णात ती किती दशके टिकली पाहिजे, हे प्रश्न त्यामुळे नेमके झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी केईएममध्ये केलेल्या हृदयरोपणाची आठवण अधिक निघते. तो रुग्ण काही तासच जगला, आणि भारतात यशस्वी हृदयरोपणासाठी अवयवरोपणाचा कायदा व १९९४ साल उजाडावे लागले. प्रसिद्धीच्या मापाने पाहता रोपण मोठे, पण उपयोगाच्या मापाने महाधमनीचा तो ग्रंथ मोठा, असेच म्हणावे लागते.

कृत्रिम झडपेची कथा मुंबईबाहेर, तिरुवनंतपुरमला घडली. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यात चेंडू अशा रचनेची झडप यशस्वीपणे बसवल्यानंतर, एका कड्यात तिरकी उघडणारी चकती ही अधिक सुटसुटीत रचना पुढे आली. आयात झडपेची किंमत संधिवाती हृदयविकाराच्या भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत शल्यचिकित्सक एम. एस. वल्याथन आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशी झडपेचे काम हाती घेतले. रुग्णालय एका आवारात आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग त्याच शहरात पूजापुरा येथील जुन्या राजवाड्यात, अशी या संस्थेची मांडणी होती. रक्ताच्या पिशव्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तात प्राणवायू मिसळणारे साधनही याच विभागात विकसित झाले.

या झडपेचे पहिले तीन नमुने फसले, आणि प्रत्येक वेगळ्या कारणाने फसला. पहिल्यात चकतीला धरून ठेवणारे धातूचे दांडे कड्याला वितळजोडाने जोडले होते. ते अनपेक्षितपणे मोडले. दुसऱ्यात चकती एकसंध नीलमणी स्फटिकाची घेतली; ती झिजेना, पण तिच्या घर्षणाने टायटॅनियमचे दांडेच झिजू लागले. तिसऱ्यात टायटॅनियमऐवजी झीज सोसणारा क्रोमियमयुक्त मिश्रधातू वापरला, तर प्राण्यांवरील चाचणीत नीलमण्याची चकती फुटली. कठीण पदार्थ टिकाऊ असतो, ही समजूत येथे पुरती ढासळली. माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आणि वर्षात साडेतीन कोटींहून अधिक वेळा आकुंचन पावते, तेव्हा दोन कठीण पृष्ठभागांपैकी एकाला कधी तरी हार खावीच लागते. चौथ्या नमुन्यात म्हणून कडे आणि दांडे कोबाल्टच्या मिश्रधातूच्या एकाच तुकड्यातून कोरून काढले, त्यामुळे जोडच उरला नाही. आणि चकती कृत्रिम खुब्यात वापरतात त्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची केली. ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली. देशातील सहा केंद्रांत तीनशेहून अधिक झडपा बसवून चाचणी पार पडल्यावर टीटीके समूहाने तिचे उत्पादन सुरू केले.

या अपयशांचे मोल त्याच काळातील एका परदेशी झडपेशी तुलना केल्यावर कळते. ब्योर्क-शायली झडपेच्या अंतर्वक्र-बहिर्वक्र चकतीच्या आवृत्तीतही दांडा कड्याला वितळजोडाने जोडलेला होता, आणि तोही मोडत होता. फरक इतकाच की तो प्रयोगशाळेत न मोडता माणसांच्या हृदयात मोडला. १९८६ मध्ये ती बाजारातून काढून घेईपर्यंत जगभरात सुमारे ८६,००० झडपा बसवून झाल्या होत्या, आणि दांडा मोडून चकती निखळल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नसत. तिरुवनंतपुरमच्या गटाकडे बाजारात लवकर उतरण्याची घाई करणारा भांडवलदार नव्हता. सरकारी संस्थेच्या संथपणाला बोल लावण्याची रीत आहे, पण येथे तो संथपणा रुग्णांच्या पथ्यावर पडला.

अरुंद धमनी आतून उघडण्याचे तंत्र वेगळ्या वाटेने आले. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकावरील फुगा फुगवून परिहृद धमनी रुंद केली, आणि १९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये धमनी पुन्हा मिटू नये म्हणून धातूची बारीक जाळी, म्हणजेच स्टेंट, आत ठेवण्यात आली. भारतात या जाळीचा प्रारंभीचा देशी प्रयत्न हैदराबादेत झाला, जेथे संरक्षण संशोधनातील ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ बी. सोमा राजू यांच्या नावाने ओळखला जाणारा स्टेंट १९९० च्या दशकात तयार झाला. क्षेपणास्त्रांसाठी मिळवलेले धातुज्ञान त्यामागे होते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड आणि लातूर भागातील गंभीर रुग्णाने हैदराबादची वाट धरणे ही जुनी रीत असल्याने, या घडामोडी मराठवाड्याला मुंबईपेक्षा जवळच्या होत्या. पुढे सुरतच्या आणि वापीच्या कंपन्यांनी जाळ्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर नेले.

देशी उत्पादन वाढले तरी रुग्णाला मोजावी लागणारी रक्कम आपोआप उतरली नाही, कारण जाळीची किंमत कारखान्यापेक्षा वितरण आणि रुग्णालय या टप्प्यांवर अधिक फुगत होती. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवून दिली : साध्या धातूच्या जाळीला ७,२६० रुपये आणि धमनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून औषधाचा लेप दिलेल्या जाळीला २९,६०० रुपये. त्याआधी लेपाच्या जाळीची छापील किंमत अनेकदा लाखावर जाई. राज्याच्या पातळीवर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत नांदेड होता, पण लातूर नव्हता. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या लोह्याच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले; त्याच रस्त्यावर पुढे असलेल्या, परंतु लातूर जिल्ह्यात मोडणाऱ्या अहमदपूरच्या कुटुंबाला मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू होईपर्यंत थांबावे लागले. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने पुढे चालू राहिलेल्या या योजनेत झडपा बदलणे, बायपास आणि जाळी बसवणे हे सर्व समाविष्ट आहे. उपकरण स्वस्त करण्याचे जे काम संशोधकांनी दशकांच्या खटपटीने केले, त्याचा शेवटचा टप्पा अशा रीतीने शासननिर्णयांनी पार पाडला.

धातूच्या झडपेबरोबर येणारी एक अट मात्र कोणत्याही योजनेत पुरती बसलेली नाही. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होऊन झडप अडकते, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि म्हणून रक्त गोठण्याचा वेग मोजणारी पीटी-आयएनआर ही तपासणी ठरावीक मुदतीने करत राहणे भाग असते. गर्भारपणात ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. मजुरी बुडवून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दर महिन्याला जाणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्याबाबत शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही उपचार अर्धाच राहतो. बोटातील एका थेंबावर ही तपासणी करणारी छोटी यंत्रे आहेत, पण त्यांच्या चाचणीपट्ट्या महाग पडतात. झडपेइतकेच चिकाटीचे देशी संशोधन या पट्टीच्या वाट्याला आलेले दिसत नाही.

गेल्या दोन दशकांत जगाचे लक्ष मांडीतील धमनीतून नळीने नेऊन बसवायच्या झडपेकडे वळले आहे. वापीच्या मेरिल कंपनीची अशी झडप २०१८ मध्ये भारतात मान्य झाली, ही देशी अभियांत्रिकीची मोठी मजल आहे. मात्र ही रचना मुळात म्हाताऱ्या माणसाच्या चुना साचून कडक झालेल्या महाधमनी झडपेसाठी आहे. तो चुनाच तिला जागेवर धरून ठेवतो. संधिवाती ज्वराने बाधलेली झडप बहुधा डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, म्हणजे मायट्रल, असते, आणि तरुण रुग्णात नव्या झडपेला पकड मिळेल इतका चुना तेथे नसतो. शिवाय प्राण्यांच्या ऊतीपासून केलेली पाती तरुण शरीरात लवकर कडक होतात. दक्षिण आफ्रिकेत केप टाउन विद्यापीठातून निघालेला पीटर झिला यांचा गट नेमक्या याच रुग्णांसाठी, प्रगत यंत्रणा नसलेल्या रुग्णालयातही बसवता येईल अशी झडप घडवू पाहत आहे. चित्रा झडपेनंतर भारतात हा प्रश्न तितक्याच थेटपणे हाती घेतला गेलेला नाही, आणि दरम्यान नांदेड-लातूर पट्ट्यातील विशी-तिशीच्या रुग्णाला शल्यचिकित्सक जी देशी धातूची झडप सुचवतो, तिची मूळ रचना १९९० चीच आहे.