जुन्या जीपचे सुटे भाग बदलताना

हिंगोली जिल्ह्यातील काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक असते आणि मृगाचा पाऊस पडला की चाकाला गच्च धरून ठेवते. कळमनुरी, सेनगाव व औंढा नागनाथ या भागांतील पाणंदींतून त्या दिवसांत बी-बियाणे, खताची पोती व शेतातील माणसे ने-आण करावयाची म्हणजे मोठीच कसोटी असते. चारही चाकांना ओढ देणारी जुनी जीप अशा वेळी उपयोगी पडते आणि म्हणूनच वयोमान झाले तरी अनेक घरी ती अद्याप राखून ठेवलेली असते.

दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेल्या विलीज जीपची जोडणी महिंद्र कंपनीने 1947 साली मुंबईत आरंभिली. पुढे 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समूह विकास योजना सुरू झाली, तेव्हा हिंगोली हा हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्याचा एक तालुका होता. विकास गटाची जीप ही त्या काळापासून खेड्यांच्या परिचयाची झाली. 1 मे 1999 रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर त्या बांध्याच्या गाड्यांत अनेक बदल होऊन गेले होते. आज एखाद्या जुन्या जीपचा सांगाडा एका सालचा, आस दुसऱ्या सालचा व इंजिन तिसऱ्याच गाडीचे असे आढळते. अशी जीप खऱ्या अर्थाने बारा गावचे पाणी प्यालेली असते. तिची दुरुस्ती करताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ती ही, की जो भाग बसतो तो जुळतोच असे नाही.

आधी रोग ओळखावा

पीक पिवळे पडले म्हणून कारण न शोधता खत टाकणे जसे व्यर्थ, तसेच गाडीत बिघाड दिसताच भाग बदलणे व्यर्थ होय. उदाहरणार्थ, वेगात स्टिअरिंग थरथरू लागले की स्टिअरिंगची पेटी बदलण्याचा विचार होतो. वास्तविक पुष्कळदा किंगपिनची बेअरिंगे झिजलेली असतात, जोडदांड्यांची टोके सैल असतात किंवा कमानीचे बुश गेलेले असतात. पुढील चाक जॅकवर उचलून, आसाखाली ठोकळा देऊन, चाक वरून व खालून धरून हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास दोष तेथेच शोधावा. इंजिन तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल व भुसा काढून आणि पंख्याचा पट्टा तपासून मगच पुढील खर्चाचा विचार करावा.

कयाधू नदीच्या पात्रातून किंवा भरल्या ओढ्यातून गाडी गेली असल्यास दोन्ही डिफरन्शियलचे तेल अवश्य पाहावे. ते ताकासारखे पांढरट झाले असेल, तर आत पाणी शिरले असे समजावे व तेल ताबडतोब बदलावे. याबाबतीत कुचराई केली असता बेअरिंगे गंजतात आणि तेलाची बचत आसाच्या मोलाने भरून द्यावी लागते.

दोन्ही आसांचे प्रमाण एकच हवे

समजा, वसमत भागातील एका शेतकऱ्याच्या जीपचा मागील आस ऐन हळदीच्या हंगामात निकामी झाला. भंगाराच्या बाजारात तसाच दिसणारा आस मिळाला, बोल्टही बरोबर बसले आणि गाडी रस्त्यावर उत्तम चालली. पावसाळ्यात चारही चाकांचा दांडा ओढल्यावर मात्र गाडी जखडल्यासारखी झाली आणि काही दिवसांतच ट्रान्सफर केसचे दाते तुटले. दोष ट्रान्सफर केसचा नव्हे, आसांच्या प्रमाणाचा आहे.

युद्धकालीन जीपच्या आसात क्राउनला 39 व पिनियनला 8 दाते असत. पुढील सीजे-3बी या प्रकारात हे आकडे 43 व 8 झाले. पहिल्यात चाकाच्या 100 फेऱ्यांमागे शाफ्टचे सुमारे 488 फेरे होतात, तर दुसऱ्यात सुमारे 538. चारही चाके जोडली की पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात. मग 50 फेऱ्यांची ही तफावत कोणी सोसावयाची? चिखलात चाके घसरून ती सोसतात. टणक जमिनीवर ती गिअर व शाफ्टच्या माथी बसते.

आस न उघडता हे प्रमाण पुढीलप्रमाणे तपासता येते :

1. गाडी सपाट व टणक जागी उभी करून पुढील दोन्ही चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. मागील एकच चाक उचलून आसाखाली भक्कम आधार द्यावा.
2. गिअर व ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणून हातब्रेक सोडावा. टायरवर व शाफ्टवर खडूने खूण करावी.
3. उचललेले चाक एकाने 20 फेरे फिरवावे व दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. 39 व 8 दात्यांच्या आसात ते पावणेएकोणपन्नास भरतात, तर 43 व 8 च्या आसात पावणेचोपन्न.
4. मागील चाकांना ठोकळे लावून पुढील आसाचीही अशीच मोजणी करावी. पुढे फ्री-व्हीलिंग हब बसविलेले असल्यास ते जोडलेल्या स्थितीत ठेवावेत.

दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. अन्य दात्यांचे आसही प्रचारात आहेत, परंतु नियम तोच राहतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत, कारण लहान-मोठ्या टायरांमुळेही हाच घोटाळा होतो.

प्रमाण बरोबर असले तरी चारही चाकांचा दांडा केवळ चिखलात, वाळूत किंवा ओल्या चढावर वापरावा. डांबरी रस्त्यावर येताच तो सोडावा. दांडा अडकला, तर जबरदस्ती न करता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. ताण उतरला की तो सुटतो.

जिवाशी संबंधित बाबी

जुन्या विलीज बांध्याच्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. मागील एक चाक उचलले गेले की तो ब्रेक गाडीला धरू शकत नाही. म्हणून ठोकळे लावल्याविना जॅक लावू नये व केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये.

या गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. एका चाकाची नळी फुटली तरी चारही ब्रेक जातात. नळ्या, रबरी वायसर व लायनर यांबाबत जुना माल घेऊ नये. ब्रेकच्या टाकीत इंजिनचे तेल किंवा डिझेल कदापि घालू नये. त्यायोगे रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

अशा बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. नट सैल होत नाही म्हणून पान्यावर उभे राहण्यापूर्वी आट्यांची दिशा पाहावी, अन्यथा बोल्ट तुटतो.

इंजिन बदलण्यापूर्वी

पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविण्याची इच्छा अनेकांस होते. डिझेल इंजिन सामान्यतः वजनाने जड असते. त्यासाठी पुढील कमानी, इंजिनचे आधार, क्लच, रेडिएटर व ब्रेक या सर्वांचा विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता आधी घ्यावी व मगच मिस्त्रीस काम सांगावे. जुने इंजिन घेताना पावती व इंजिन क्रमांक ताडून पाहावेत. खाजगी गाडीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांची असते व नूतनीकरणाच्या वेळी गाडीची तपासणी होते, हेही विसरू नये. सरकारी गाड्यांच्या बाबतीत तर 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण होत नाही.

गाडीची वही

शेताची जशी नोंद ठेवावी, तशी प्रत्येक जुन्या जीपची एक वही ठेवावी. आसांच्या दात्यांचे आकडे, टायरचे माप, इंजिन क्रमांक, तेल बदलल्याची तारीख व कोणता भाग कोठून आणला हे तीत लिहावे. भंगाराच्या बाजारात जाताना ती वही व काढलेला जुना भाग बरोबर न्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एखाद्या दिवशी गावातील जीपमालक व मिस्त्री यांना एकत्र करून वर सांगितलेली मोजणी प्रत्यक्ष करून दाखवावी. तीस खडू, जॅक, ठोकळे व अर्धा तास एवढेच लागते. पहिल्या पावसात खताची पोती घेऊन निघालेली गाडी माणसांसह सुखरूप घरी परतली म्हणजे त्या अर्ध्या तासाचे चीज झाले.